सगू, बनी आणि भुईचाफ्याची परी

ही गोष्ट खरं तर मी कुणाला सांगायची नाही, असं ठरलं होतं. मी मान डोलावून हो म्हटलंही होतं. पण काही गोष्टी पोटात फार दिवस ठेवल्या की आपणहून ओठांवर येऊन बसतात. तेव्हा जरा जवळ सरका. हळू आवाजात सांगते.

डोंगराच्या कुशीत कुसरवाडी नावाचं एक पिटुकलं गाव होतं आणि गावाच्या वर आंबजाईची राई होती. राई म्हणजे देवीच्या नावानं राखलेलं जंगल. तिथलं काही म्हणजे काही घरी न्यायचं नाही. वाळकी काटकी नाही, पडलेलं फळ नाही, एक पानसुद्धा नाही. म्हणून तिथली झाडं इतकी उंच आणि इतकी दाट झाली होती की ऊन हिरव्या चाळणीतून गाळून खाली यायचं आणि पाचोळ्यावर सोनेरी टिकल्या होऊन बसायचं.

राईच्या वाटेवर, गावातलं अगदी शेवटचं घर सगूचं. घर कसलं, कुडाची एक खोली. त्यात सगू, तिची आई आणि धाकटी बहीण बनी. वडील नव्हते. आई पत्रावळी लावायची आणि सगू माळावरून पळसाची पानं गोळा करून आणायची. लग्नसराई असली की घरात दोन वेळा चूल पेटायची. नसली की तिघींच्या वाट्याला पातळ पेज यायची, इतकी पातळ की बनी म्हणायची, "ताई, माझ्या वाडग्यात छप्पर दिसतंय."

बनी सहा वर्षांची होती. गेल्या पावसाळ्यात तिला मोठा ताप आला. ताप गेला, पण जाताना तिच्या पायांतलं बळ घेऊन गेला. तेव्हापासून ती उंबऱ्यावर बसून पानं निवडायची. मोठी इकडे, छोटी तिकडे. आणि एखाद्या पानाला भोक सापडलं की ते डोळ्याला लावून त्यातून जग बघायची.

"ताई, फुटली का गं फुलं?" ती रोज विचारायची.

"अजून नाही."

"फुटली की मला नेणार ना?"

"नेणार म्हणजे नेणारच," सगू म्हणायची. कडू काढा पिण्यासाठी बनी तोंड उघडत नव्हती, तेव्हा सगूनं तिला हे कबूल केलं होतं. त्याच एका आशेवर बनी सगळा काढा प्यायली होती.

ही फुलं म्हणजे भुईचाफा. चैत्र आला की राईतल्या कोरड्या भुईतून तो थेट वर यायचा. पान नाही, फांदी नाही, नुसतं फूल! जणू जमिनीनंच हसून दाखवलं. पाकळ्या दुधासारख्या पांढऱ्या, मधली पाकळी जांभळी, आणि वास असा गोड की मधमाश्याही बावरून जायच्या. सकाळी उमललेलं फूल संध्याकाळपर्यंत मलूल व्हायचं. ते खुडायचं नाही, घरी आणायचं नाही. बघायचं असेल तर आपणच तिथे जायचं.

म्हणून चैत्रातल्या एका सकाळी अख्खी कुसरवाडी राईत फुलं बघायला जायची. तिला म्हणायचे फूलवाट. फूलवाटेला चपला राईबाहेर काढायच्या, बोलायचं ते कुजबुजत, आणि सगळ्यांनी एकामागे एक असं पुढच्याच्या पावलातच पाऊल टाकून चालायचं. कारण न उमललेल्या कळ्या मातीखाली झोपलेल्या असतात. त्या दिसत नाहीत, पण पायाखाली चिरडतात. सर्वांत पुढे चालायच्या सुंदराकाकू. राईची राखण त्यांच्या घराकडे होती. काकू ताडमाड उंच, आवाज पहाडी आणि ढांगा उंटासारख्या.

आणखी एक नियम होता. ओझं घेऊन यायचं नाही. ओझ्यानं पाऊल जड होतं, आणि जड पाऊल कळीला सोसत नाही.

सगूनं धीर करून काकूंना विचारलं होतं. "काकू, मी बनीला पाठीवर घेतलं तर? ती अगदी हलकी आहे हो. कोंबडीएवढी."

काकू सुपात धान्य पाखडता पाखडता थांबल्या. "कोंबडी असती तर मीच काखेत मारून नेली असती. पण नियम तो नियम, सगू. माझ्या सासूबाईंचे पाय गेले तेव्हा त्यांनाही नेलं नाही मी. दारात बसून नुसता वास घ्यायच्या." मग त्या उगाचच मोठ्यानं सूप आपटायला लागल्या, आणि सगू मुकाट्यानं घरी आली.

फूलवाटेला दोनच दिवस उरले होते. सगू माळावर पानं गोळा करत होती. पाठीवर गाठोडं, कमरेला पाण्याचा छोटासा भोपळा. ऊन चटचटत होतं. भोपळ्यात शेवटचा घोट उरला होता आणि घर अजून लांब होतं. राईच्या हद्दीपाशी, जिथून रोज गुरं जायची त्या वाटेवर, तिला भुईला पडलेली एक इवलीशी भेग दिसली. भेगेखालून काहीतरी वर ढकलत होतं. पण गुरांच्या खुरांनी माती दगडासारखी घट्ट झाली होती. भेग जरा उघडे, पुन्हा मिटे.

"अगं बाई, तू अडकलीस होय?" सगू गुडघ्यांवर बसली. तिनं बोटाच्या टोकानं माती हळूहळू उकरली. ती हलेना. मग तिनं कमरेचा भोपळा सोडला आणि शेवटचा घोट त्या भेगेत ओतला. माती मऊ झाली. एक पांढरी कळी सुरकन वर आली, थरथरली, उमलली, आणि फुलातून शिंक ऐकू आली.

"आक्छी! किती ही धूळ!"

फुलात वीतभर उंचीची एक परी बसली होती. तिचा झगा पाकळ्यांचा होता, पांढरा, त्याला जांभळी किनार. पंख चतुरासारखे झिरमिरीत. केसांत दवाचे मणी लुकलुकत होते. आणि पावलं मात्र पार मातीनं माखलेली! सगूला परीची भीती वाटली नाही, ती त्या मळक्या पावलांमुळेच.

"स्वतःच्या घशाला कोरड पडली असताना तू मला पाणी पाजलंस," परी म्हणाली. तिचा आवाज पैंजणाच्या एकाच घुंगरासारखा नाजूक होता. "मी भुईचाफ्याची परी. तुला तीन मागण्या देते. पण नीट ऐक हं. मी नवं काही घडवत नाही. इथलं तिथे नेते, एवढंच. म्हणून मागताना ते कुठून आणायचं, हेही सांगायचं. नाही सांगितलंस, तर जवळ जे असेल ते मी आणीन. आणि फुलं आहेत तोवर यातलं कुणाजवळ बोलायचं नाही."

सगूला इतका आनंद झाला की निम्मं तिनं ऐकलंच नाही. काल रात्री आईनं स्वतःची पेज दोघींच्या वाडग्यांत ओतली होती, ते तिला आठवलं. ती घाईघाईनं म्हणाली, "आईला आणि बनीला पोटभर गोडाचं जेवण मिळू दे!"

परीनं भुवई उंचावली. तिनं नुसते पंख हलवले.

सगू धावत घरी आली. आई पत्रावळी पोचवायला गेली होती. उंबऱ्याच्या आत, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, केळीच्या पानावर पुरणपोळ्यांची चळत होती! वाफाळलेली, तुपानं चमचमणारी. बनीच्या हातात एक पोळी, आणि तोंड उघडं ते उघडंच.

इतक्यात खालच्या घरातून पहाडी आवाज आला. "अहो! पोळ्यांची चळत कुठे गेली? लेक माहेरी आली म्हणून पहाटेपासून राबतेय मी! तुम्ही खाल्ल्यात?"

"अगं, मी एकटा एवढ्या कशा खाईन?" हा आवाज धोंडूकाकांचा. सुंदराकाकूंचे यजमान ते, पोटानं गोल आणि स्वभावानं मऊ.

"तुम्ही? तुम्ही तव्यासकट खाल!"

सगूचा चेहरा खर्रकन उतरला. कुठून आणायचं ते सांगायचं राहिलं होतं, आणि परीनं शेजारचं उचललं होतं.

"बने, ती पोळी खाली ठेव."

"आपली नाही?"

"नाही गं, बाळा."

बनीनं पोळीकडे पाहिलं. मग ताईकडे. "एकदा वास घेऊ?"

तिनं डोळे मिटून इतका मोठा वास घेतला की तिचे खांदे वर गेले. मग पोळी चळतीवर ठेवली आणि कडा नीट जुळवली. सगू डोळे मिटून पुटपुटली, "परीताई, हे सगळं जिथलं तिथे जाऊ दे. काकूंच्या घरी." आणि पान रिकामं झालं.

दुसरी मागणीही संपली. पण थोड्या वेळानं सुंदराकाकू स्वतःच दारात हजर! हातात झाकलेलं ताट.

"घ्या गं पोरींनो, लेक आलीय म्हणून केल्यात. आणि हसू नका मला. पोळ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मी घर डोक्यावर घेतलं. ह्यांना उगीच बोलले. म्हातारी झाले बाई मी." ताटात सहा पोळ्या होत्या. त्या संध्याकाळी आईलाही दोन मिळाल्या, आणि बनीनं तुपाची बोटंसुद्धा चाटून पुसली.

दुसऱ्या दिवशी सगू परीकडे गेली, ती रात्रभर विचार करूनच. परीचं फूल मात्र कालच्यासारखंच टवटवीत होतं. "परीताई, बनीच्या पायांत बळ येऊ दे. तिला फूलवाटेला यायचंय."

"कुठून आणू?"

"तेच कळत नाही. तुझ्याकडे आहे का?"

"आहे ना." परीनं मातीवर अलगद हात ठेवला. "या भुईखाली आमचे कंद आहेत. वर्षभर त्यांनी बळ साठवलंय. तू म्हण, मी ते बनीला देते. पण मग यंदा राईत एकही फूल फुटणार नाही."

सगू विचारात पडली. बनी चालेल, पण चालत जाऊन बघेल काय? आणि वर्षभर वाट बघणारं सगळं गाव? ती बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती टोकरत राहिली. मग तिचं लक्ष त्या अंगठ्याकडेच गेलं.

"माझ्या पायांतून घेता येईल?"

परी फुलाच्या कडेवर येऊन उभी राहिली. "येईल. निम्मं घ्यावं लागेल. मग तुला झाडावर चढता येणार नाही. धावता येणार नाही."

"पानं आणायला जाता येईल?"

"हळूहळू."

"मग चालेल."

"सगू, ते परत मागता येणार नाही. मागण्या संपल्या तुझ्या."

"चालेल," सगू पुन्हा म्हणाली. या वेळी तिचा आवाज जरासा कापला, पण शब्द तोच राहिला.

परीनं पंख हलवले. घरी परतताना सगूला चिखलाच्या शेतातून चालल्यासारखं वाटत होतं, पाय उचलावा तर मातीनं धरून ठेवल्यासारखा. पण दाराशी पोचली तेव्हा बनी उंबऱ्यावर नव्हती. ती अंगणात उभी होती! भिंतीला एक हात टेकून, लटलटत, पण स्वतःच्या पायांवर. आणि आई पत्रावळ हातात धरून, रडत आणि हसत, तिच्याकडे बघत होती.

फूलवाटेची सकाळ उजाडली. राईच्या तोंडाशी सगळं गाव जमलं. आईचा निरोप घेऊन दोघी बहिणी हातात हात घालून, पाऊल पाऊल करत आल्या. आईला त्या दिवशी लग्नाच्या पत्रावळी पुऱ्या करायच्या होत्या.

"अगो बाई! बनी चालतेय!" बायका धावल्या.

"बनी चालतेय खरी," धोंडूकाका म्हणाले, "पण या सगूला काय झालं? परवापर्यंत शेळीसारखी उड्या मारत होती. आज गोगलगायीशी शर्यत लावलीय का गं?"

सगू नुसती हसली. सांगायचं नव्हतं ना.

सुंदराकाकूंनी बनीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दोघींना रांगेत शेवटी उभं केलं. सगळ्यांनी चपला काढल्या. रांग निघाली. आत गारवा होता. कुठेतरी कोकीळ एकदाच ओरडला आणि थांबला. पाचोळासुद्धा हळू वाजत होता.

पण काकूंच्या त्या ढांगा! एका पावलापासून दुसरं पाऊल इतकं लांब, की बनी एका पावलात उभी राहिली आणि पुढचं तिला गाठताच येईना. सगूनं प्रयत्न केला. तिच्या जड पायांनाही जमेना. मध्येच कुठे पाय टेकवावा, तर खाली कळी असली तर? रांग पुढे पुढे जात राहिली. झाडांच्या मागे शेवटचं पागोटं दिसेनासं झालं.

"ताई," बनी कुजबुजली, "मी इथेच थांबते. तू मागे राहू नकोस. तू बघून ये आणि मला सांग."

"मलाही नाही जमत गं," सगू म्हणाली. ती एवढ्या हळू म्हणाली की बनीला तिच्याकडे मान वर करून पाहावं लागलं.

मग बनी तिथेच खाली बसली. पानं निवडायची सवय होती, म्हणून नकळत पुढ्यातला पाचोळा बाजूला करायला लागली. आणि एकदम तिनं हात आखडला. "ताई, ही भेग बघ. खाली काहीतरी आहे. आणि इथेही. आणि इथे... अगं, ही तर दबलीय."

काकूंच्या खोल पावलात एक पांढरी कळी चपटी होऊन पडली होती.

दोघी दिसेनात म्हणून काकू तोवर परत आल्या होत्या. "काय गं, खेळत काय बसलात? फुलं..." त्या बोलता बोलता थांबल्या. वाकल्या. आपलंच पाऊल त्यांनी बघितलं. मग त्याच्या मागचं. त्यातही एक कळी होती.

काकूंचा पहाडी आवाज कुठल्या कुठे गेला. "इतकी वर्षं मी पुढे चालले," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या पायाखाली काय येतंय ते मला वरून कधी दिसलंच नाही. बने, तुला भेगा दिसतात?"

"हो. ही बघा, ही. आणि ती तिकडे."

काकू ताठ उभ्या राहिल्या. त्यांनी बनीला दोन्ही हातांनी धरून, एका एका मोकळ्या जागी पाऊल टेकवायला लावत, रांगेच्या अगदी पुढे आणलं. "आज वाट ही दाखवेल," त्या म्हणाल्या. "आपण हिच्या पावलात पाऊल टाकायचं."

"एवढ्याशा पावलात?" धोंडूकाकांनी आपल्या पंज्याकडे पाहिलं. "माझा अंगठा तेवढा मावेल."

"मग अंगठ्यावर चाला!"

आणि कुसरवाडीनं कधी पाहिलं नव्हतं ते त्या दिवशी घडलं. पुढे चिमुकली बनी, वाकून, निरखून, एकेक पाऊल टाकणारी. तिच्या मागे ताई, तिचा खांदा धरून. आणि त्यांच्या मागे अख्खं गाव, चवड्यांवर, धोतरं आणि लुगडी सावरत, तोल सांभाळत! धोंडूकाकांचं पोट डुलत होतं आणि ते खुसखुसत होते. घाई कुणालाच करता येत नव्हती. म्हणून कधी नव्हे ते सगळ्यांना सगळं दिसलं. खोडावरची निळी शेवाळं, कोळ्याच्या जाळ्यातला दवाचा हार, पानाआडून डोकावणारा सरडा.

मग झाडं बाजूला झाली आणि बनी थांबली.

समोर भुई दिसतच नव्हती. पांढरा आणि जांभळा, पांढरा आणि जांभळा, नजर जाईल तिथवर भुईचाफाच भुईचाफा! आणि मागे वळून पाहावं तर ज्या वाटेनं ते आले, त्या इवल्याशा पावलांच्या दोन्ही बाजूंनी एकेक कळी टपटप उमलत होती. सुंदराकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. बनी गुडघ्यांवर बसली, एका फुलाजवळ नाक नेलं, आणि पुन्हा तिचे खांदे वर गेले.

"ताई," ती म्हणाली, "तू आणलंस मला."

सगूच्या पायाजवळच्या फुलात मंद उजेड झाला. तो सगूलाच दिसला. परी तिथे उभी होती, आणि आज तिची पावलंही चकाकत होती.

"परीताई, माझ्या मागण्या संपल्यात ना?"

"संपल्या. म्हणून आज मी मागितल्याशिवाय देणार आहे," परी हसली. "मी नवं काही घडवत नाही, ठाऊक आहे ना? पण दरवर्षी मोठ्या पावलांखाली आमच्या कितीतरी कळ्या चिरडायच्या. त्यांचं बळ मातीत वाया जायचं. यंदा बनीच्या पावलांनी त्या वाचल्या, आणि एवढं बळ शिल्लक उरलं की भुईला ते ठेवायला जागा नाही. तू आमचं घेतलं नाहीस, स्वतःचं दिलंस. आता भुई तिचं उरलेलं तुला देतेय. आणि बनीचं बनीकडेच राहील, दिवसेंदिवस वाढत राहील."

तिनं सगूच्या अंगठ्याला हात लावला. आधी गार वाटलं, मग ऊब आली, आणि ती ऊब पोटऱ्यांतून, गुडघ्यांतून वर चढली. पाय हलके झाले. इतके हलके की आत्ताच्या आत्ता धावत सुटावं, त्या टोकापर्यंत, डोंगरापर्यंत!

पण आजूबाजूला सगळीकडे कळ्या होत्या. म्हणून सगू धावली नाही. धावणारे पाय घेऊन ती अगदी स्थिर उभी राहिली, एका हातानं बनीचा खांदा धरून.

परीनं तिच्याकडे पाहून मान हलवली. मग तिचे पंख उजळले. आधी पांढरे, मग जांभळे, मग सकाळच्या उन्हासारखे सोनेरी. तो उजेड एका फुलातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेला, साऱ्या फुलांवरून लाटेसारखा सरकला, झाडांच्या शेंड्यांना टेकला आणि आभाळात विरून गेला. तिच्या जागी फक्त सुवास उरला.

राईची हद्द ओलांडल्यावर मात्र सगू जी धावली, ती थेट आईच्या गळ्यात पडेपर्यंत! देवीच्या उत्सवाला साऱ्या गावाचं जेवण त्या वर्षापासून त्यांच्याच पत्रावळींवर वाढलं जाऊ लागलं, आणि त्या घरातल्या पेजेत पुन्हा कधी छप्पर दिसलं नाही. सुंदराकाकू अजूनही फूलवाटेला जातात. आता त्यांच्या पायांत फारसं बळ नाही, पण ओझं घ्यायचं नाही हा नियम न मोडता बनीनंच त्यांच्यासाठी युक्ती काढली. चार माणसं त्यांना खुर्चीवर बसवून हद्दीपर्यंत नेतात, आणि तिथून पुढे त्या कशा जातात ते तर ऐकाच. बनी आधी वाटेतल्या सगळ्या भेगा शोधते, मग गावातली सगळी मुलं दोन्ही बाजूंना ओळीनं उभी राहतात, आणि काकू एकेका मुलाच्या खांद्यावर हात ठेवत... आले गं आई, आले! ...तर एकेका खांद्यावर हात ठेवत काकू पुढे सरकतात, आणि त्या ओळीत सगळ्यांत शेवटी उभी असते मी, सगू.